धावपट्टीच्या कडेची जमीन

डब्लिनहून पश्चिमेला जाताना एम-६ महामार्ग आयर्लंडचा सपाट मधला पट्टा ओलांडतो तेव्हा दोन्ही बाजूंना कुरणंच कुरणं दिसतात. गुरं मोकळी सोडलेली, राखणीला कोणी नाही, शेताशेतांच्या मध्ये काटेरी झुडपांच्या गर्द रांगा. अ‍ॅथलोनला शॅनन नदी मागे पडली की हळूहळू दगड डोकं वर काढू लागतो, झुडपांच्या जागी चुना-मातीशिवाय रचलेले गडगे येतात, आणि कोकणातल्या माणसाला हा मुलूख एकदम ओळखीचा वाटू लागतो. गॉलवे शहराच्या जरा अलीकडे कार्नमोर लागतं. तिथे एक विमानतळ आहे आणि त्यावर नियमित प्रवासी विमान उतरत नाही. गंमत अशी नाही की तो कोणी मुद्दाम बुडवला; त्याला याच महामार्गाने निरुपयोगी केलं. २००९च्या अखेरीस रस्ता पूर्ण झाला, डब्लिन दोन-सव्वादोन तासांवर आलं, सरकारने प्रादेशिक विमानतळांचा आधार काढून घेतला, आणि २०११च्या अखेरीस इथली प्रवासी उड्डाणं थांबली. २०१३मध्ये गॉलवे शहर आणि गॉलवे परगणा अशा दोन्ही परिषदांनी मिळून ही सुमारे ११५ एकर जागा अकरा लाख युरोंना विकत घेतली. तेव्हापासून तिचं काय करायचं हा प्रश्न परिषदांच्या टेबलावर आहे. उद्योग आणि तंत्रज्ञानाचा परिसर उभारावा, सांस्कृतिक कामांना द्यावी, विमानतळ म्हणूनच जगवावी, असे सगळे पक्ष मांडून झाले आहेत.

कार्नमोरपासून सुरुवात करण्याचं कारण असं, की विमानतळाच्या जमिनीवर व्यापार उभारू नये असा सरसकट आग्रह मला धरायचा नाही. ज्या शहराला महामार्ग आहे, आगगाडी आहे, शॅननचा मोठा विमानतळ तासाभरावर आहे, त्या शहराने आपल्या बंद पडलेल्या धावपट्टीवर कारखाने किंवा कचेऱ्या बांधल्या तर कोणाचं येणंजाणं अडत नाही. तिथली चर्चा फायद्या-तोट्याची चर्चा आहे आणि ती हिशोबाने व्हावी. पण याच कार्नमोरच्या जागेवरून २०१५मध्ये समुद्रापलीकडची तीन बेटं ढवळून निघाली. त्या वादाचा माग काढत पश्चिमेला गेलं की लहान बेटाच्या धावपट्टीची जमीन ही बाकी कुठल्याही सरकारी जमिनीपेक्षा वेगळी का मोजायला हवी ते स्पष्ट दिसतं.

मध्ये गॉलवे येतं. शनिवारी सेंट निकोलसच्या जुन्या देवळाभोवती बाजार भरतो. चीज, पाव, कालवं, भाजी, आणि पिशवीत घालून विकायला ठेवलेलं जांभळट रंगाचं वाळवलेलं समुद्रशैवाल. ते इथली माणसं सुकं, तसंच चघळतात. आपल्याकडे बाजारात सुकट-बोंबलाचा वास जसा हक्काने पसरलेला असतो, तसा इथे कोणताच वास पुढे येत नाही. सगळं झाकलेलं, सौम्य. बोलणं मात्र झाकलेलं नाही. दुकानदार आधी हवेबद्दल बोलतो, मग गिऱ्हाईक कुठून आलं ते विचारतो, मग त्याच्या गावाची चौकशी करतो, आणि पैशांची गोष्ट सगळ्यात शेवटी निघते. बसमधून उतरताना लहानमोठा प्रत्येक प्रवासी चालकाला ‘थँक्यू’ म्हणतो. एसटीने वाढलेल्या आपल्या लोकांना ही रीत आधी फार औपचारिक वाटते, पण चार थांबे गेले की तिच्यातला आदर पटतो. शहर सोडून किनाऱ्याने बार्ना, स्पिडल करत पुढे गेलं की रस्त्याच्या पाट्यांवरून इंग्रजी नाहीशी होते. हा गेल्टॅक्ट, म्हणजे आयरिश बोलली जाते तो सरकारमान्य प्रदेश. समोरून येणारा गाडीवान स्टिअरिंगवरून एक बोट उचलून अनोळखी माणसालाही सलाम करतो. डावीकडे गॉलवेचा उपसागर, उजवीकडे ग्रॅनाइटचे धोंडे आणि त्यांच्यामधून वाट काढत केलेली वीतवीत शेतं.

इनव्हरिन गावाजवळचा कोनेमारा विमानतळ या प्रवासाच्या मधोमध आहे आणि प्रश्नाच्याही मधोमध. एक बुटकी इमारत, एक पट्टी, आणि आठ-नऊ माणसं बसतील एवढी ब्रिटन-नॉर्मन आयलंडर विमानं. विमान इतकं लहान की सामानाबरोबर प्रवाशांचंही वजन करावं लागतं, आणि त्या वजनाच्या हिशोबाने कोणी कुठे बसायचं ते ठरतं. वजन करून घेण्यात कोणाला संकोच वाटत नाही. इथून आरन बेटं दहा मिनिटांच्या आत येतात: इनिश मोर, इनिश मान, इनिश ईर. पहिल्यावर आठशेच्या आसपास वस्ती, तिसऱ्यावर साडेतीनशेच्या आतबाहेर, मधल्यावर दोनशेलाही कमी. एअर आरन ही कंपनी १९७०मध्ये याच बेटांसाठी निघाली. सेवेला सरकारचं अनुदान आहे, कारण एवढ्या थोड्या लोकांच्या तिकिटांवर ती चालणं शक्य नाही. युरोपीय कायद्यात अशा सेवेला सार्वजनिक सेवेचं बंधन म्हणून मान्यता आहे आणि कंत्राट साधारण चार वर्षांपुरतं देता येतं. बेटांवरच्या पट्ट्या सरकारच्या, पण मुख्य भूमीवरचा इनव्हरिनचा विमानतळ मात्र दीर्घकाळ खाजगी मालकीचा राहिला. पुलाचं एक टोक लोकांचं आणि दुसरं टोक मालकाचं, असली ही रचना होती.

२०१५मध्ये नवं कंत्राट निघालं तेव्हा सरकारी खात्याने हेलिकॉप्टर सेवेच्या बोलीला पसंती दिली. हेलिकॉप्टर निघणार होतं कार्नमोरहून, म्हणजे परिषदांनी विकत घेतलेल्या त्या जागेवरून. कागदावर यात वावगं काही नव्हतं: कमी खर्चाची बोली आणि पडून असलेल्या सार्वजनिक जागेला काम. बेटकऱ्यांनी मात्र एकमुखाने विरोध केला. धुक्या-वाऱ्यात हेलिकॉप्टर किती भरवशाचं, एका फेरीत माणसं किती बसणार, सामान किती जाणार, शहरापलीकडे उतरून परत गेल्टॅक्टमध्ये यायला किती वेळ जाणार, इनव्हरिनमधल्या नोकऱ्यांचं काय, असे त्यांचे प्रश्न होते. आणि त्यांच्या मागे आणखी एक प्रश्न होता: ज्या जागेचं भवितव्य दोन परिषदांनी अजून ठरवलेलंच नाही, जिथे उद्या उद्योगवसाहत येऊ शकते, तिच्यावर तीन बेटांचं दळणवळण कोणत्या भरवशावर टांगायचं? प्रकरण संसदेच्या समितीपुढे गेलं आणि त्याच वर्षी ती निविदा रद्द झाली. २०१८मध्ये उलट दिशेने धक्का बसला. या वेळी विमान कंपनीनेच करार संपवण्याची नोटीस दिली. तडजोड झाली, सेवा चालू राहिली, पण मुख्य भूमीवरचा विमानतळ राज्याच्या मालकीचा असावा ही मागणी त्यानंतर कोणाला अवाजवी वाटेनाशी झाली. दोन्ही वेळा बेटकऱ्यांना भीती घालणारी गोष्ट एकच होती. सेवेची हमी चार वर्षांची आणि जमिनीचा निर्णय कायमचा. आणि तो निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणालाही हिवाळ्यात बेटावर राहायचं नव्हतं.

विमानातून आरन दिसतात तेव्हा आधी गडगेच दिसतात. करड्या चुनखडीच्या सपाट कातळावर मैलोन्‌मैल पसरलेलं दगडी जाळं, आणि प्रत्येक चौकटीत हिरवा तुकडा. ही हिरवळ निसर्गाने फुकट दिलेली नाही. उघड्या कातळावर किनाऱ्याची वाळू आणि शैवाल थरावर थर घालून इथल्या पिढ्यांनी माती तयार केली, तीत बटाटे लावले, आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून वेचलेल्या दगडांचे गडगे रचले. नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग १८९८पासून काही वर्षं उन्हाळ्यात इनिश मानवर येऊन राहिला, रॉबर्ट फ्लॅहर्टीने १९३४मध्ये ‘मॅन ऑफ आरन’ हा चित्रपट काढला. जगाला ही माती त्यांच्यामुळे माहीत झाली. इनिश मोरची धावपट्टी किल्येनी गावाजवळ आहे. ती बेटावरच्या अगदी थोड्या सपाट आणि मऊ जमिनीपैकी एकीवर बसली आहे. शिंपल्यांच्या चुऱ्याने बनलेलं हे वाळूचं कुरण. त्याला इथे माखर म्हणतात आणि आयर्लंडमधल्या माखरांना युरोपीय कायद्याने अग्रक्रमाचं संरक्षण आहे. पट्टीच्या शेजारीच संत एंडाचं प्राचीन देऊळ आणि दफनभूमी, तीही वाळूत अर्धी रुतलेली. गुरांचं चरणं, मेलेल्यांची विश्रांती आणि विमानाचं उतरणं हे सगळं इथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर चालतं. बेटाच्या दुसऱ्या अंगाला दून एंगस किल्ल्याकडे सायकली आणि घोडागाड्या जात-येत असतात. किल रोनानच्या धक्क्यावर मटणाच्या किंवा माशांच्या दाट सुपाबरोबर काळसर सोडा-पाव मिळतो, लोणी सढळ हाताने लावलेला. संध्याकाळची बोट गेली की पर्यटक जातात आणि बेट बेटकऱ्यांच्या ताब्यात येतं.

धावपट्टीच्या जमिनीबद्दल बोलताना डांबराच्या पट्ट्यापुरतं बोलून भागत नाही. विमान उतरायला पट्टीच्या दोन्ही टोकांसमोर मोकळं आकाश लागतं. उतरत्या वाटेखाली ठरावीक उंचीपेक्षा उंच इमारत, खांब, झाड चालत नाही. पट्टीच्या कडेलाही मोकळी जागा लागते, कारण वारा आडवा आला की लहान विमान सरकतं. त्यामुळे नकाशावर जी जागा रिकामी दिसते ती खरं तर कामात असते. तिच्यावर दोन मजली हॉटेल उभं राहिलं तर पट्टीला कोणी हात न लावताही ती निकामी होऊ शकते. कार्नमोरमध्ये चूक झाली तर शॅनन आहे. इनिश मोरवर चूक झाली तर दुसरी सपाट जागा नाही. असलीच तर ती कोणाच्या तरी आजोबा-पणजोबांनी वाळू वाहून तयार केलेली आहे. हॉटेल बेटावर आणखी कुठे बांधता येतं, दुकान कुठेही थाटता येतं, धावपट्टी मात्र हलवता येत नाही. माझा सगळा युक्तिवाद या असमतोलावर उभा आहे. म्हणून अशा जमिनीबाबत आधी बेटकऱ्यांची संमती आणि मग व्यापाराची योजना, हा क्रम सक्तीचा असावा असं मला वाटतं.

यावर पहिला आक्षेप बोटीचा. रॉस-अ-व्हीलच्या बंदरातून मोठ्या, वेगवान बोटी पाऊण तासात इनिश मोरला पोचवतात. मग मूठभर लोकांच्या विमानावर सरकारने पैसा का घालावा, जागा का अडवावी? आणीबाणीत तर तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर येतंच, किल रोनानला जीवरक्षक नौकाही आहे. हे सगळं खरं आहे. पण अटलांटिकच्या हिवाळ्यात बोटी बंद पडतात, आणि लहान बेटांच्या धक्क्याला लागणं मोठ्या बेटाहून अवघड. हेलिकॉप्टर जीव वाचवायला येतं. डोळ्यांच्या तपासणीला, दर आठवड्याच्या उपचाराला, मुलाखतीला, नातेवाइकाच्या अंत्यविधीला ते येत नाही. तिन्ही बेटांवर माध्यमिक शाळा आहेत, अगदी इनिश मानवरही. अशा शाळेत शिकवायला येणारा शिक्षक, दवाखान्यातली परिचारिका, वीज दुरुस्त करणारा कारागीर ही माणसं संध्याकाळी घरी परतता येईल या खात्रीवर येतात. ती खात्री गेली की शाळा टिकत नाही, शाळा गेली की तरुण कुटुंब टिकत नाही. विमानात बसलेल्यांची संख्या मोजणाऱ्या हिशोबात ही कुटुंबं येतच नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि तो बेटांवरूनच येतो: तरुणांना घरं नाहीत, धंद्याला जागा नाही, मग सरकारची जमीन नुसती मोकळी का ठेवायची? घरांची टंचाई आयर्लंडभर आहे आणि बेटांवर ती जास्त बोचते, कारण उभी घरं सुट्टीच्या दिवसांपुरती उघडतात. पण याचं उत्तर धावपट्टीच्या कडेला शोधायची गरज नाही. २०२३च्या जूनमध्ये सरकारने बेटांसाठी दहा वर्षांचं धोरण जाहीर केलं, त्यात ओस आणि पडक्या घरांच्या दुरुस्तीला मुख्य भूमीपेक्षा जास्त मदत ठेवली. बेटावरच्या पडक्या घराला चौऱ्याऐंशी हजार युरोंपर्यंत. मोडकी घरं उभी करणं हा मार्ग मातीला धक्का लावत नाही आणि आकाशही अडवत नाही. धंद्याचंही तसंच. इनिश मानवरच्या विणकामाच्या कंपनीचे स्वेटर १९७६पासून जगभर जातात. तिला विमानतळावरचा गाळा लागला नाही, माल आणि माणसं भरवशाने ये-जा करायला लागली. म्हणजे बेटावरच्या व्यापाराला हवी असते ती सेवा, आणि सेवेची जमीन तोडून व्यापार वाढवायचा म्हटलं तर तो त्याच व्यापाराच्या मुळावर येतो.

इथे मोपा आठवल्याशिवाय राहत नाही. गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं ते पठार बेट नाही, पण त्याच्याकडेही बाहेरून पाहणाऱ्यांनी नुसता कातळ म्हणूनच पाहिलं. सड्यावरचं गवत, वरकस जमिनीतली नाचणी, पायथ्याचे झरे, धनगरांची गुरं हे सगळं हिशोबाबाहेर राहिलं. सुमारे २,१०० एकर जमीन विमानतळासाठी गेली. पर्यावरण परवानगीसाठी दिलेल्या माहितीतल्या त्रुटी पाहून मार्च २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी स्थगित केली, जानेवारी २०२०मध्ये वाढीव अटींसह ती उठवली. डिसेंबर २०२२मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानतळ झाला याबद्दल तक्रार करणाऱ्यांपेक्षाही ज्यांची जमीन गेली त्यांचा सल वेगळा आहे: करारात २३२ एकर शहराकडची बाजू हॉटेलं आणि व्यापारासाठी आहे, आणि करार चाळीस वर्षांचा, आणखी वीस वाढवता येणारा. सार्वजनिक कामासाठी म्हणून घेतलेल्या जमिनीवर साठ वर्षं चालणारा व्यापार कोणाच्या संमतीने, हा प्रश्न रास्त आहे. याला असं उत्तर दिलं जातं की विमानतळ नुसत्या विमानांवर चालत नाही, जागेच्या उत्पन्नाशिवाय तिकीट महागेल. मोठ्या विमानतळाबाबत ते बरंचसं खरं आहे. पण मग तसं जमीन घेताना सांगायला हवं, आणि उत्पन्नातला वाटा गावांना ठरवून द्यायला हवा. सिंधुदुर्गात चिपीला विमानतळाचा उलटा अनुभव आला. परुळ्याचा सडा दिला, ९ ऑक्टोबर २०२१ला उद्घाटन झालं, आणि उड्डाणं मात्र अनियमितच राहिली. जमीन गेली ती कायमची, सेवा आली ती मर्जीची. आरनच्या लोकांना ज्याची भीती होती ते चिपीने पाहिलं आहे.

आयरिश समाज मुळातच जागरूक आणि आपण बेफिकीर, असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. त्यांचं बळ दुसरीकडे आहे. प्रत्येक आरन बेटाची स्वतःची सहकारी विकास संस्था आहे, आणि देशभरातल्या बेटांचा एक संघही आहे. २०१५मध्ये आवाज उठला तो या संस्थांच्या तयार रचनेतून, घाईने जमवलेल्या मोर्चातून नव्हे. आपल्याकडे ग्रामसभा कायद्यात आहे, गोव्यात गावची जमीन सामायिक राखणाऱ्या ‘गावकरी’ व्यवस्थेची जुनी परंपरा आहे. कंत्राटाचा मसुदा तयार होताना त्यांना टेबलाशी जागा नसते इतकंच.

मात्र बेटकरी किंवा गावकरी एकाच सुरात बोलतात असं मानणंही चूक ठरेल. आरन सोडून कोनेमाराच्या आत क्लिफडनकडे निघालं की राउंडस्टोनचा दलदलीचा प्रदेश लागतो. शेकडो लहान तळी, काळी पीट, क्षितिजावर बारा शिखरांचा डोंगर. अटलांटिक न थांबता ओलांडणारे अल्कॉक आणि ब्राउन १५ जून १९१९ला याच बाजूला, डेरिगिमलाच्या चिखलात उतरले. १९८०च्या दशकाच्या शेवटी इथे विमानपट्टी बांधायची योजना निघाली तेव्हा क्लिफडनचे बरेच व्यापारी तिच्या बाजूने होते, आणि आरनचे नकाशे काढणारा टिम रॉबिन्सन विरोधकांच्या पुढे. रॉबिन्सन मूळचा यॉर्कशरचा; बाहेरून आलेल्याने आमच्या पोटावर पाय देऊ नये, असा राग गावात होता. दलदल वाचली. मी रॉबिन्सनच्या बाजूचा आहे, पण तो राग खोटा नव्हता आणि संमतीचा आग्रह धरणाऱ्याने तो ऐकलाच पाहिजे. संमती म्हणजे सगळ्यांचं एकमत नव्हे. निर्णयाआधी माहिती, निर्णयात मत, आणि निर्णयानंतर वाटा.

क्लिफडनच्या पुढे क्लेगन, आणि तिथून बोटीने इनिशबॉफिन. क्लेगनला एक आणि बॉफिनवर एक अशा दोन धावपट्ट्या सार्वजनिक पैशांतून बांधून झाल्या, पण नियमित विमानसेवा त्यांच्यावर सुरू झाली नाही. बॉफिन बोटीवर जगतंय, आणि बरं जगतंय. उन्हाळ्यात पक्षी पाहायला माणसं येतात, खेकड्याच्या नांग्या आणि उकडलेले बटाटे खातात, रात्री पबमध्ये वाद्यं निघतात. माझ्या युक्तिवादाला हे उदाहरण अडचणीचं आहे हे मान्य करायला हवं: प्रत्येक बेटाला विमान लागतंच असं नाही, आणि न लागणाऱ्या पट्टीची जमीन अडवून ठेवण्यात शहाणपण नाही. बॉफिनच्या पट्टीवर सौरपटल घालावेत, ती पुन्हा चराईला द्यावी की विमानाची वाट पाहावी, हे तिथल्या दोनशेच्या आतल्या लोकांनी ठरवायचं आहे. आरनच्या बाबतीत उत्तर उलटं येतं आणि येऊ द्यावं. दोन्हीकडे निविदेच्या आधी बेटाच्या सभेत ठराव हवा, आणि जमिनीचा करार सेवेच्या कराराला असा बांधलेला हवा की सेवा थांबली तर व्यापाराचा हक्कही त्याच दिवशी संपेल. मोप्याच्या २३२ एकरांना हे कलम आज लावता येणार नाही, पण कोकणात यापुढे जी विमानतळांची जमीन घेतली जाईल तिच्या पहिल्या अधिसूचनेत ते लिहून घेता येईल.